इन्शिराह अब्लाचं शिशाचं अक्षर

एक्स-रेची ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून इन्शिराह अब्ला, आमची एक्स-रेवाली ताई, बघत होती. पाणी कोपरावरून तिच्या चपलेत गळत होतं.

"बघ, नळी कुठे जाऊन बसली."

अम्म गलाल, म्हणजे गलालकाका, आमच्या दमन्हूरच्या पुलावर भाजलेली रताळी विकायचा. आता झटक्याने तोंड वाकडं होऊन पडलेला, नाकातून दुधाची नळी. ती छातीच्या मधोमध सरळ पोटात उतरायला हवी. ही मधेच उजवीकडे वळून फुफ्फुसात शिरली होती. आणि तिकडे वॉर्डात नर्स दूध कोमट करत होती. ते दूध आत गेलं असतं तर म्हातारा खाटेवर पडल्या पडल्या बुडाला असता.

"मग सांग ना डॉक्टरला!" मी स्ट्रेचर ढकलतो, शाळा सातवीत सोडली, पण एवढं मलाही कळतं.

"मागे एकदा सांगितलं, तर महिनाभर चादरी मोजायला बसवलं. म्हणे, तू फोटो काढ, वाचायला आम्ही आहोत. चल, धर म्हाताऱ्याला."

उजवी बाजू कळावी म्हणून प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवतात. अब्लाने दुसरी फिल्म काढली आणि अक्षर ठेवलं बरोब्बर नळीच्या टोकावर.

डॉक्टर वगदीने फिल्म दिव्यावर लावली आणि पेटलाच. "डोळे घरी ठेवून आलीस का गं? फुफ्फुसावर अक्षर? इथे तर... अरे थांबा! दूध थांबवा! नळी काढा ती!" मग सगळ्यांकडे वळून म्हणतो, "नशीब, माझं लक्ष गेलं."

"अल्ला तुमची नजर शाबूत ठेवो, डॉक्टर," अब्ला म्हणाली. आणि मला चिमटा काढला, कारण माझं तोंड उघडलं होतं.

संध्याकाळी मेमो आला. निष्काळजीपणा, एक फिल्म वाया. तिचा नववा. मेमोच्या मागच्या बाजूला तिने बाजाराची यादी लिहिली: मुलुखियाची जुडी, लसूण.

अम्म गलाल वाचला. बरा झाल्यावर पिशवीभर गरम रताळी पाठवली. डॉक्टरला.

दोन वर्षांनी वगदीलाच झटका आला. मी तेव्हा सुट्टीवर होतो, नर्सने नंतर सांगितलं. नाकात नळी घातली, अब्लाने फिल्म काढली, दूध आणलं, तर त्याने हात आडवा धरला.

"अक्षर कुठंय?"

"कोपऱ्यात, डॉक्टर."

"मग घाला दूध."

नर्सला वाटलं, बरळतोय.