काकूंच्या अंगणातून ओढलेला टांगा

"रस्त्यावर नव्हताच, साब! काकूंच्या अंगणात होता टांगा. चला, विचारा त्यांना," रहीमभाई टांगेवाला माझ्या टेबलाशी उभा राहून सांगत होता.

साल पस्तीसच्या आसपासचं. नाशकात मोटारी थोड्या, टांगे फार. मी पालिकेचा वाहन इन्स्पेक्टर. रस्ता अडवणारी गाडी बैल लावून ओढायची आणि कोंडवाड्यात नेऊन ठेवायची, हे काम ठेकेदाराकडे. त्याला पैसे गाडीमागे मिळत. खासगी जागेत मात्र त्याने शिरायचं नव्हतं.

रहीमभाईच्या टांग्याचं पासिंग, म्हणजे वर्षाची तपासणी, त्याच दिवशी होती. संध्याकाळपर्यंत टांगा दाखवला नाही तर बिल्ला रद्द. बिल्ला गेला की धंदा गेला.

माझा विश्वास बसला नाही. तो सहसा कुणावर बसत नाही. आमटी खारट झाली तर मी आधी मिठाच्या बरणीची जबानी घेतो, असं आमच्या घरी म्हणतात.

अंगण गाठलं. आमच्याच आळीतल्या भागीरथीकाकू दारातच होत्या.

"मीच म्हटलं त्याला, आत लाव. पहाटे टांग्याभोवती सारवलं, गंगेवर अंघोळीला गेले, येऊन बघते तर टांगा नाही! ओल्या सारवणात ह्या एवढाल्या चाकोऱ्या. आत्ता कुठं पुन्हा सारवलंय... अहो, बूट!"

उशीर झाला होता. मी अंगणाच्या मधोमध उभा होतो.

"इन्स्पेक्टर आहात की म्हैस?"

ह्या बाई टांग्यातून फुकट फिरत असणार, म्हणून त्याची बाजू घेतात, असं मनात नोंदवून मी कोंडवाड्यात गेलो. तिथं आमचे साहेब आणि ठेकेदार उभेच होते.

"रस्त्यातच होता, साहेब. देवाशपथ!" ठेकेदार म्हणाला.

त्याची शपथ जरा जास्तच लवकर आली. मला त्याचाही संशय आला.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "इन्स्पेक्टर, तुमच्या बुटाला काय लागलंय?"

मी ओशाळून काडीने बूट खरवडू लागलो. शेणात भाताचं तूस निघालं. काकूंचं माहेर पेठकडचं, भाताच्या मुलखातलं. सारवण भेगाळू नये म्हणून त्या शेणात तूस कालवतात. हातातली काडी घेऊन मी तसाच टांग्याकडे वळलो. चाकाची लोखंडी धाव आणि लाकूड यांच्या फटीत शेण होतं. त्यातही तूस. दोन्ही साहेबांना दाखवून मी काकूंच्या सारवणाचं सांगितलं.

"शेण काय, रस्त्यावर पण असतंय," ठेकेदार म्हणाला.

"नाशकातल्या गाई त्यात तूस कालवून टाकतात होय?" साहेबांनी विचारलं.

ठेकेदाराने बैलांकडे पाहिलं. बैलांनी काही मदत केली नाही.

टांगा सुटला. पासिंग मीच केलं, तेही त्याच शेणाच्या बुटांनी. रहीमभाईचा बिल्ला राहिला, ठेकेदाराचा ठेका गेला. मग साहेबांनी माझ्याकडून नियम लिहवून घेतला: खासगी जागेतली गाडी हलवायची तर जागेच्या मालकाने इन्स्पेक्टरसमोर स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हटलं पाहिजे.

नियम चांगला होता. फक्त गावात इन्स्पेक्टर एकटा मीच होतो. त्यानंतर शेजाऱ्याची हातगाडी दारात आली की लोक मला जेवणावरून उठवू लागले. तेव्हा नियम लिहिताना त्यात स्वतःचा हुद्दा घालू नये. आणि सारवलेल्या अंगणात जाताना बूट बाहेर काढावेत. पुरावा हवा असेल तर मात्र काढू नयेत.