मुखपृष्ठावरची बाई

ऐंशी सालाच्या आसपास मी पोलादपूरला मास्तर होतो. माझा पहिला कथासंग्रह निघाला, तेव्हा त्याच्या पाच प्रती महाडच्या एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडे ठेवल्या. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक थांबलं की तो एखादं पुस्तक सदऱ्याला पुसायचा, त्याच्या नाकासमोर धरायचा आणि स्वतः मात्र गिऱ्हाइकाचे डोळे बघत राहायचा.

माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मातकट होतं. चित्र नाही, नुसती अक्षरं. मला ते फार भारदस्त वाटे.

"मास्तर, ह्याला कोण हात लावत नाय. तलाठ्याचं दप्तर वाटतं," तो म्हणायचा. चार महिने पाचही प्रती तशाच पडून होत्या.

मग एका शनिवारी बघतो तर दोनच उरलेल्या, आणि त्या दोन्हींवर जुन्या कॅलेंडरातली, गुलाबी पातळातली हसरी बाई खळीनं चिकटवलेली!

"अहो, हे काय केलंत? आतल्या एकाही गोष्टीत बाई नाही!" मी ओरडलो.

त्यानं शांतपणे पुस्तक सदऱ्याला पुसलं. "नाय? मग पुढच्याला घाला की."

तणतणतच मी पोलादपूरची गाडी पकडली. बाहेर भातकापणी चालली होती. गावागावांतले पुरुष मुंबईला होते. शेतांत वाकलेल्या दिसत होत्या त्या सगळ्या बायकाच. आणि ह्याच गावांवर मी बारा गोष्टी लिहिल्या होत्या.