काळ्या कागदापुढच्या बाई

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. ज्या चाचणीपायी बाईंचं नाव गेलं, त्या चाचणीतलं पाणी मी गाळलं होतं. बाईंना ते ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. नारायण पेठेत एका छापखान्याच्या वर आमच्या तीन खोल्या होत्या. बाई काचेची बाटली काळ्या कागदापुढे धरायच्या, मान किंचित तिरकी करायच्या आणि म्हणायच्या, "धूसर आहे." आम्हाला ढिम्म काही दिसायचं नाही. मग यंत्र सावकाश तेच सांगायचं. असलंच एक यंत्र विकायला आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, नुसत्या डोळ्यांवर कसा भरवसा ठेवता?" बाई म्हणाल्या, "आपण जिना चढून आलात, तो यंत्र लावून चढलात का?"

काम तसं कंटाळवाणं. तेल काढण्यासाठी जमिनीखालचा खडक पाण्याच्या दाबाने तडकवतात. वरून सोडलेलं पाणी आणि खडकातलं खारं पाणी एकत्र आलं की त्या भेगांत क्षार धरतो. बोअरच्या पाण्याने गिझरला धरतो, तसाच पांढरा थर. भेगा बुजल्या की तेल थांबलं. थर धरू नये म्हणून पाण्यात औषध घालतात. ते औषध चालतं की नाही, हे आम्ही बाटल्यांत, खालच्याइतक्या उष्णतेत ठेवून पाहायचो. पाणी धूसर झालं म्हणजे क्षार धरला, औषध नापास. इथे बाटलीत चुकलं तर तिकडे कोणाची तरी तेलाची विहीर जायची.

बाईंचा एक दंडक होता. विहिरीवरून पाणी जसं येईल तसंच वापरायचं. लाल, गढूळ, वास मारणारं, कसंही. नवीन माणूस गाळणकागद शोधायला लागला की त्या म्हणायच्या, "अहो, ते पाणी लग्नाला निघालेलं नाही. त्याला आंघोळ घालू नका." कारण साधं होतं. त्या गढुळात माती असते, लोखंडाचा गंज असतो, आणि औषध त्यांनाच चिकटून वाया जातं. गाळलेल्या पाण्यात कुठलंही औषध गुणी दिसतं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी गाळलं. त्या वेळचं पाणी गेरूसारखं होतं. अशा पाण्यात धूसरपणा दिसत नाही. बाटलीला चिकटलेला थर खरवडून, विरघळवून मोजावा लागतो. ते मी महिनाभर करत होतो. बाईंच्या सासूबाई आजारी होत्या, त्यामुळे त्या दुपारनंतर यायच्या. मी कंटाळलो होतो. दुसरं काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

गाळलं त्या दिवशी दुपारनंतर बाईंनी बाटली कागदापुढे धरली. "आज पाणी फारच शहाण्यासारखं वागतंय," त्या म्हणाल्या.

"या वेळी तसंच आलंय, बाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांना काही कारणच नव्हतं. "स्वच्छ आहे," म्हणाल्या आणि निकालावर सही केली.

विहीर वर्षाच्या आत बुजली. वर काढलेल्या नळीत पांढरा थर इतका की करंगळी जाईना. प्रयोगशाळेच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"बाटली कोणी पाहिली?"

"मी," बाई म्हणाल्या.

मालक माझ्याकडे वळले. "पाणी आलं तसंच वापरलं होतं ना?"

"हो, साहेब."

बाई म्हणाल्या, "म्हणजे धूसर होतं, आणि मला दिसलं नाही."

त्यानंतर त्या काही आठवडे कामावर होत्या. बाटली कागदापुढे धरायच्या आणि माझ्यापुढे करायच्या. "तुम्हाला काय दिसतंय हो?" मी सांगेन ते लिहायच्या. एके दिवशी राजीनामा दिला. निरोप समारंभाला नको म्हणाल्या. "कशाचा सत्कार करणार?" एवढंच. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. अजून बसतो. माझ्या हाताखालच्या कोणाला मी पाणी गाळू देत नाही, आणि लोक म्हणतात, बाईंचं वळण आहे.

गेल्या महिन्यात कर्वेनगरला त्यांच्याकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. बाई तांदूळ निवडत होत्या. ताट पुरं झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली, "तू बघ गं एकदा. माझ्या नजरेचं काही खरं नाही."

सून हसून मला म्हणाली, "बघा ना काका, डॉक्टर म्हणतात डोळे ठणठणीत आहेत. ऐकतच नाहीत."

"डॉक्टरांना काय जातंय म्हणायला?" बाई म्हणाल्या. "मी एकाची विहीर घालवलीय." मग मला म्हणाल्या, "चहा घ्या, निवतोय."

मी चहा घेतला. प्रकृतीची चौकशी केली. उठलो. दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा भिंतीला हात लावून चालत होत्या. चांगला उजेड होता.

बाईंच्या डोळ्यांची चूक नव्हती. हे त्यांच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी अजून लागतो.