प्रतीकची फेरी

प्रतीक बसमध्ये चढायच्या आधी बसला एक फेरी मारायचा. निगडीच्या डेपोत मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मागच्या चाकापाशी वाकून टायरला हात लावत होता आणि कंडक्टर खिडकीतून ओरडत होता, "ओ इंजिनियर, पंक्चर काढताय का? चढा वर!" प्रतीक चढला, माझ्या शेजारी बसला आणि मी न विचारताच म्हणाला, "पायलट लोक करतात ताई. उडायच्या आधी मशीनला हात लावून विचारायचं, बरी आहेस ना?"

मी चाकणच्या कारखान्यांच्या गेटांवर पत्रकं वाटते. ट्रेनी म्हणून घेतलेल्या पोरांना मशीनवर जुंपतात, त्याविरुद्ध. प्रतीकही तसलाच ट्रेनी. डिप्लोमाचा विद्यार्थी, शिकता शिकता पत्रा दाबायच्या प्रेसवर. 'शिकाऊ' हा शब्द मला शिवीसारखा वाटतो. शिकवत कुणीच नाही, राबवतात सगळे.

पुढे मी त्याच्या घरी जाऊ लागले. काळेवाडीतल्या त्या मायलेकांच्या खोलीत निम्मी जागा भंगारातून जोडलेल्या कॉम्प्युटरने खाल्ली होती. उपग्रह डोक्यावरून कधी जाणार याचं गणित करणारा प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिलेला. गच्चीवर पडद्याच्या दांड्यांची अँटेना. एका रविवारी भर दुपारी त्याने स्पीकर लावला. पाण्याखालून कुणी कण्हावं तसा आवाज, चढत, उतरत.

"हा उपग्रह मेलाय," तो म्हणाला. "बॅटरी कधीच गेली. पण ऊन पडलं की परत बोलायला लागतो. ऐकणारं कुणी नाही, तरी."

मला उकाड्यात शहारा आला. ओट्याशी उभ्या मंगलकाकू, त्याची आई, लातूरकडच्या. त्या कावल्या, "बंद कर रे ते. घरात कोन रडायलंय असं वाटतंय."

आणि ते विमान. कॉम्प्युटरवरचं, पण तास खऱ्या विमानाइतकेच घेणारं. पहिल्या शिफ्टला निघताना तो ते उडवून द्यायचा. दिवसभर ते आपलं आपण समुद्र ओलांडत राहायचं. काकू भाकरी थापता थापता डोकावून सांगायच्या, "अजून पानीच हाय खाली." पोचलं की ते विमानतळावर घिरट्या घालत थांबायचं. उतरवायचा मात्र प्रतीकच, घरी येऊन.

"आपोआप उतरत नाही का?" मी विचारलं.

"उतरेल की. पण मग मी घरी कशाला येऊ?" असं म्हणून तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.

त्याच्या प्रेसवर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात. प्रत्येकापुढे दोन बटणं. चारही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे कुणाचाच हात आत राहत नाही. पण टार्गेट गाठायला एका बाजूच्या बटणांत लाकडी पाचरी ठोकतात आणि एकच माणूस मशीन पळवतो. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो. प्रतीक शिफ्टच्या आधी फेरी मारून आपल्या मशीनच्या पाचरी उपसायचा.

"भावा, विमान नाय हे," पोरं चिडवायची, "पत्रा हाय पत्रा!"

"विमान पडलं तर चौकशी होते," तो म्हणायचा. "इथं तीपण होत नाही."

त्या दिवशी शिफ्टच्या मध्येच सुपरवायझरने त्याला पलीकडच्या प्रेसवर ढकललं. "फेरीबिरी घरी मार. माल अडकलाय, काढ." प्रतीक आत वाकला. त्याच्या बाजूच्या बटणांत पाचरी होत्या. समोरच्याला तो दिसलाच नाही, त्याने आपली दोन बटणं दाबली. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच प्रतीक गेला.

गेटवर बातमी कळून मी हॉस्पिटलच्या दारात पोचले, तेव्हा काकूंचा फोन आला. त्यांना अजून कुणीच काही कळवलेलं नव्हतं.

"पोरी, इमान कवाचं गोल गोल फिरायलंय. प्रतीक आला न्हाई."

फोनवर माझ्याने सांगवलं नाही. काळेवाडीत पोचले, त्यांच्या पुढ्यात बसून सांगितलं. त्या स्क्रीनकडेच बघत राहिल्या. स्क्रीनवर लख्ख ऊन होतं, एक पंख खाली कलला होता, विमान शिस्तीत वळत होतं. काकू हळूच म्हणाल्या, "मग ह्ये कोन उडवायलंय?"

थोड्या वेळाने इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले, इंग्रजीत, बाईच्या सपाट आवाजात. काकूंनी उठून स्क्रीनवर चादर टाकली. आवाज चादरीखालून येत राहिला. मग थांबला.

कंपनीने कळवलं, कामगाराचा निष्काळजीपणा. टायरला हात लावल्याशिवाय बसमध्ये न चढणारा मुलगा निष्काळजी! मी त्या रागात पत्रक लिहिलं. पोरांनी ते घेतलं, घडी घातली आणि त्यावर वडापाव खाल्ला.

मग एके दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी काकू आल्या. मी पत्रकांचा गठ्ठा पुढे केला, त्यांनी घेतला नाही. गेटच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पहिल्याच पोराला अडवलं. "हात दाव, बाळा."

पोराने दोन्ही तळवे पुढे केले. काकूंनी एकेक बोट चाचपलं आणि त्याला सोडलं. मग दुसरा. मग तिसरा. कुणी हसलं नाही. सोडलेली पोरं घरी जाईनात, आमच्या बाजूला येऊन उभी राहू लागली.

शेवटी सुपरवायझर मोटरसायकल ढकलत आला. काकूंनी त्यालाही तेच म्हटलं. त्याने गाडी स्टँडला लावली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"दाव की," काकू म्हणाल्या. "लपवायलास कामून?"

तो इकडेतिकडे बघू लागला. आमच्यापैकी कुणीही त्याला वाट दिली नाही.