नीडफुल कोणी करायचं?

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या टाइम ऑफिसात मी एकोणीस वर्षं बसतोय. इतक्या वर्षांत खुर्ची झिजली, केस गेले, किस्से मात्र साठतच गेले. त्यातले निम्मे तर एकाच इंग्रजी वाक्याचे आहेत: ‘प्लीज डू द नीडफुल’!

अर्थ साधा आहे. जे करणं गरजेचं आहे, ते कृपया करा. आमच्याकडे वापर मात्र वेगळा! अर्ज आला की कोपऱ्यात हे लिहायचं, खाली सही ठोकायची आणि कागद शेजारच्या टेबलावर सरकवायचा. आपलं काम संपलं.

*

एकदा ऑफिसचा वॉटर कूलर बंद पडला. मी मॅनेजर जयेशभाईंना अर्ज दिला. त्यांनी नीडफुल लिहून तो स्टोअरकीपर चौधरींकडे पाठवला, चौधरींनी इलेक्ट्रिशियनकडे. इलेक्ट्रिशियननं अर्ज कोणाचा ते पाहिलं आणि आठव्या दिवशी कागद माझ्याच टेबलावर परत आला, तिसऱ्या नीडफुलसकट!

मी नीडफुल केलं. बमरोलीच्या बाजारातून माठ आणला.

*

रंग पुरवणाऱ्या एका शेठनं मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली. जयेशभाई फोनवर होते. बोलता बोलता त्यांनी पत्रिकेवरही नीडफुल लिहिलं आणि दिली चौधरींकडे सरकवून. चौधरी इस्त्रीचा शर्ट घालून सहकुटुंब जेवून आले. दुसऱ्या दिवशी पत्रिका रीतसर फायलीला लागली. खाली शेरा होता: ‘डन. उंधियू चांगला होता.’

*

मध्यंतरी स्नेहल नावाची नवी मुलगी ऑफिसात लागली. ती म्हणाली, “काका, हे वाक्य जुनं झालं. काय हवं, कोणाकडून हवं, कधीपर्यंत हवं, ते सरळ लिहायचं.”

म्हटलं, करून बघू. चौधरींना लिहिलं, ‘गुरुवारपर्यंत प्रिंटरची शाई द्यावी.’

पाच मिनिटांत चौधरी तावातावानं हजर. “माझं काही चुकलंय का? एवढं उघड कोणी लिहितं का!”

*

आता निंबाअप्पा. अमळनेरकडचे, आमच्याकडे स्टेंटरवर मास्टर. स्टेंटर म्हणजे ओलं कापड गरम हवेत ताणून सुकवायचं लांबलचक मशीन. उन्हाळ्यात त्याच्यापाशी उभं राहणं म्हणजे शिक्षाच. त्यात तिथला मोठा पंखा जळाला आणि दोन माणसं चक्कर येऊन पडली. अप्पांनी कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला, नवा पंखा द्या म्हणून.

कागद दीड महिना फिरून अप्पांकडेच परत आला. पाच जणांनी नीडफुल लिहिलं. त्यातलं तिसरं माझं होतं, हे सांगताना आजही लाज वाटते.

तिसरा माणूस पडला, त्या दुपारी अप्पा तो कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

“भाऊ, या पाची जणस्नी काय लिखेल शे?”

“जे गरजेचं आहे ते करा, असं.”

“कोन्ले सांगेल शे?”

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, “कागद ज्याच्या हातात असेल, त्याला.”

अप्पांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले आणि गेले.

जयेशभाई त्या दिवशी मार्केटला गेले होते. चारला परत येऊन बघतात तर केबिनच्या भिंतीवरचा मोठा पंखा गायब! स्क्रूची चार भोकं तेवढी शिल्लक.

“पंखो कोणे काढ्यो?” ओरडतच ते स्टेंटरकडे निघाले. मागोमाग आम्ही सगळे.

पंखा तिथल्या खांबावर जोरात फिरत होता. दुपारी पडलेला माणूस त्याच्यासमोर उठून बसला होता आणि चहा पीत होता. अप्पांचा एक हात मशीनवर. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातून कागद काढला आणि पुढे केला.

“साहेब, आप सबने लिख के दिया था. मैंने कर दिया.”

जयेशभाईंनी पाचही सह्या वाचल्या. स्वतःची दोनदा वाचली. मग सवयीनं पेन काढलं आणि कागद कोणाकडे सरकवायचा म्हणून मागे वळून पाहिलं.

आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो.