माझ्याच घरात अडकलेला सांगावा

मी पहिल्यापासून संशयी. दुधात पाणी असणारच, हे धरून चालणारा. फुकट ई-मेल देणाऱ्या कंपन्या आपली पत्रं वाचतात असं कानावर आलं आणि महाडच्या घरात, जुन्या कॉम्प्युटरवर, मी स्वतःचा मेल सर्व्हर उभा केला. बायको म्हणाली, "आता पोस्टमनही घरचाच!" चाचणी म्हणून मी मलाच एक मेल पाठवला. क्षणात आला. मी खूश.

त्याच सुमारास मुंबईतल्या थोरल्या भावाशी बांधावरून वाजलं. "तोंडी बोलून तू नंतर फिरतोस. काय असंल ते लिहून कळव," असं म्हणून दादाने फोन आपटला. पोलादपूरच्या वर आमची वाडी. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा घराण्याचा पहिला नारळ थोरल्याने द्यायचा. पण जवळ राहणाऱ्या भावाचा सांगावा आल्याशिवाय त्याने यायचं नाही, अशी आमची रीत. सांगावा नाही म्हणजे घरातून काढल्यासारखंच.

मी मेल लिहिला, "दादा, बांधाचं राहू दे. शिमग्याला ये." एवढ्या दोन ओळींना मला आठवडा लागला.

उत्तर आलं नाही. वहिनीने परस्पर पुसला असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, वाचून मुद्दाम गप्प बसलाय, मी नाक घासायला हवंय त्याला. त्याच दिवसांत कुठल्याशा अनोळखी नावाने इंग्रजी मेल आला. असले फसवे मेल मी ओळखून आहे. न उघडताच पुसला.

वाडीतल्या घरी पालखी आली. दादाच्या खोल्यांना कुलूप. नारळ मी दिला आणि मनातल्या मनात त्याला शिव्याही दिल्या.

शिमग्यानंतर बिरवाडीहून इंटरनेटवाला वायर बदलायला आला. मी कौतुकाने सर्व्हर दाखवला.

"काका, ह्याच्यातून बाहेर मेल जात नसंल," तो म्हणाला. "मेल बाहेर जायची वाट, पंचवीस नंबरचा पोर्ट, कंपनी बंद ठेवते. फालतू मेलांचा पूर येतो म्हणून."

"माझाच बंद केलाय. कुणी सांगितलं तुम्हाला बंद करायला?"

"सगळ्यांचाच बंद हाय."

"मग मी मला पाठवलेला कसा आला?"

तो हसला. "तो घराबाहेर गेलाच नाय. माजघरातनं ओटीवर आला."

त्यानेच सर्व्हरची नोंद उघडून दाखवली. दादाला पाठवलेला मेल पाच दिवस धडका मारून परत आला होता, आणि तसं कळवणारं पत्र माझ्याच सर्व्हरने मला पाठवलं होतं. तेच ते इंग्रजी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा लावल्यावर दादाने फोन उचलला. मी सगळं भडाभडा सांगितलं.

"सर्व्हर कुणाचा?"

"माझा."

"परत आल्याचं पत्र कुणी पुसलं?"

"मीच."

"आणि हे तुला शिमगा झाल्यावर कळलं?"

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी दूधवाल्याशी असाच बोलतो. त्याच्या जागी मी असतो तर माझाही विश्वास बसला नसता. दादा फोन ठेवतोय असं वाटलं, तेवढ्यात तो म्हणाला, "बॅग भरून ठेवली होती रे. नारळपण घेतला होता."