चंद्रावरच्या तिघांसारख्या पाच जणी

हे पत्र वाचायला जरा नीट बस बाई, आणि तो मोबाईल आधी उलटा ठेव. परवा फोनवर म्हणालीस, कॉलेजात आम्हाला अंतराळवीरांचे फोटो आणि त्यांच्या मोहिमांची पोस्टरं यांचा अभ्यास आहे आजी, तुला नाही कळायचं. आणि ठेवून दिलास. हे 'तुला नाही कळायचं' कुठून शिकलीस कोण जाणे, आमच्या घरचं तरी नाही. अगं, तू ज्याचा अभ्यास करतेस तसलं एक पोस्टर मी लग्नानंतर चौथ्या वर्षी करून मोकळी झालेय. तोंडी सांगायला लागले की तू मध्येच तोडतेस, म्हणून लिहून काढलंय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आमचा फोटो स्टुडिओ नगरात होता. पुढच्या खोलीत कॅमेरा आणि गिऱ्हाईक, मागच्या खोलीत मी. तेव्हा फोटो काळे-पांढरे निघायचे, आणि ज्याला रंगीत हवा असेल त्याचा मी हातानं रंगवायची. काडीला कापूस गुंडाळायचा, पातळ रंगात बुडवायचा, हलकेच टिपायचा, की गालावर लाली चढते. हे मला कुणी शिकवलं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, रंगवायचे ते बघून बघून उचललं. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा ब्रश आपसूक माझ्या हातात आला.

त्यांचा एक नियम होता. बाईचा फोटो सोनं लावल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही. गळ्यात नुसती काळी पोत असली तरी मी बारीक ब्रशनं ठुशी काढायची, कानात कुड्या, हातात पाटल्या. निम्म्या तालुक्याला मी दागिने घातलेत, आणि एकीनंही कधी परत केले नाहीत.

माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हापासून गिऱ्हाइकांना चंद्रापुढं बसून फोटो हवा असायचा. तुझ्या आजोबांनी रद्दीतून अमेरिकेची दोन-तीन रंगीत मासिकं आणली आणि म्हणाले, यातला चंद्र पडद्यावर काढ. काढला. खड्डे जरा जास्त झाले. मामंजी म्हणाले, देवी येऊन गेल्यासारखा दिसतोय. पण नवी जोडपी हौसेनं त्याच्यापुढं बसायची.

मी मात्र चंद्र सोडून त्या माणसांकडंच बघत राहायची. आपल्याकडं ग्रुप फोटो म्हणजे मोठा माणूस मधे खुर्चीवर, बाकीचे बाजूला, बायका मागं उभ्या. इथं तिघंही एका रांगेत, तिघांवर सारखा उजेड. अंगावर कामाचाच पोशाख, जाडजूड, सुरकुत्या पडलेला. एका फोटोत टोप हातात धरलेला. मागं ते जिथं निघालेत तो चंद्र, एवढा मोठा. अंगावर ना अंगठी दिसायची, ना साखळी. तरी कसे राजासारखे दिसायचे. मला तेव्हा वाटायचं, हे कसं काय जमतं?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाथर्डीच्या बाजूला एका गावात पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तिथला ओव्हरसियर, तरुण पोरगा, आमच्याकडं आला. त्याच्या कामावर पाच बायकांची एक टोळी होती. बांधाला दगड लावायचं काम त्यांनी सगळ्या टोळ्यांच्या आधी उरकलं होतं. आठ दिवसांनी मोठे साहेब येणार होते, त्यांना दाखवायला त्या टोळीचा मोठा रंगीत फोटो चावडीवर लावायचा होता. तुझे आजोबा जाऊन फोटो काढून आले. मुकादम मधे खुर्चीत, मिशीला पीळ दिलेला, आणि पाची जणी मागं उभ्या, कुणाकुणाकडून मागून आणलेली लुगडी नेसून. मी तीन दिवस खपून तो रंगवला. दुष्काळानं गाल बसलेले होते ते भरून काढले, आणि नियमाप्रमाणं पाची जणींना सोनं घातलं. थोरलीला तर पुतळ्यांची माळ. मला माझ्या कामाचा इतका अभिमान वाटला की तुझ्या आजोबांना म्हटलं, पोहोचवायला मीही येते.

एसटीतून उतरून आम्ही बांधावर गेलो. बायका हातातलं काम टाकून भोवती जमल्या. मी कागद उलगडला. मला वाटलं, आता हसतील, लाजतील, एकमेकींना ढकलतील. पण पाची जणी फोटोतल्या सोन्याकडंच बघत राहिल्या. टोळीतली थोरली, तिला सगळे मावशी म्हणायचे, तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "वैनी, ह्यो फोटू सायबाला दावनार?"

मी म्हटलं, हो, चावडीवरच लागणार आहे.

"मंग आमचं काम गेलं म्हना."

आधी मला उलगडाच होईना. मग बाकीच्या एकदम बोलायला लागल्या. शेजारच्या कामावर एक बाई डोरल्याला सोन्याच्या वाट्या घालून आली होती म्हणे. कुणीतरी कागाळी केली की हिच्या घरी सोनं आहे, हिला दुष्काळी काम कशाला, आणि हजेरीतून तिचं नाव काढलं. इथं तर पुतळ्यांची माळ. साहेब ओळखणार थोडाच की हे सोनं ब्रशातून आलंय. एकीनं आपला उघडा गळा चाचपला आणि म्हणाली, असतं सोनं तर आधीच इकून खाल्लं असतं, वैनी. त्यावर त्या हसल्या, पण मला काही हसू आलं नाही. बाई गं, पाच घरांच्या चुली त्या हजेरीवर पेटत होत्या, आणि मी कौतुकानं त्यात पाणी ओतायला आले होते.

रंग कागदात मुरलेला, पुसून जाणारा नव्हता. साहेब यायला चार दिवस होते. आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांपुढं ते चंद्रावरचे तिघं आले. नशिबानं मासिक पिशवीत होतं, रंगाच्या मेळासाठी मी ते बरोबर ठेवायची. मी तुझ्या आजोबांना म्हटलं, कॅमेरा काढा, नवा फोटो घ्यायचा. ते म्हणाले, मामा काय म्हणतील? मामा म्हणजे मामंजीच, ते वडलांना मामा म्हणत. मी म्हटलं, ते मी बघते.

मागितलेली लुगडी नकोत, आत्ता अंगावर आहेत तीच राहू देत. पदर खोचलेला तसाच. मागं बांध, अख्खा. पाची जणी दगडांवर एका रांगेत बसा, आणि त्या माणसानं टोप धरलाय तसं आपापलं घमेलं मांडीवर धरा. बायका मासिक बघून खूश झाल्या. एक म्हणाली, ह्यांचंबी काम मातीचंच दिसतंय. खरंच होतं की, ते तिथून मातीच घेऊन आले होते.

अडला तो मुकादम. तो खुर्ची घेऊन आलाच. मग मी कुठं बसू, म्हणाला. मी त्याला मासिकातलं दुसरं पान दाखवलं, तिथं खूप माणसं यंत्रांपुढं बसलेली. म्हटलं, दादा, जे वर गेले त्यांचा फोटो हा. आणि खाली बसून त्यांना रेडिओवर हुकूम सोडणारे हे. यांच्याशिवाय ते हलत नसत. तुम्ही यांतले. त्यानं ते पान बराच वेळ निरखलं, खुर्ची उचलली आणि कॅमेऱ्याच्या मागं नेऊन बसला. फोटो होईपर्यंत तिथून हुकूम सोडत होता.

त्या लोकांच्या प्रत्येक मोहिमेचं एक गोल चिन्ह असायचं, तुला माहीत असेलच. त्यात बहुतेक वेळा जाणाऱ्यांची नावं. मी ठरवलं, आपल्या पोस्टरच्या कोपऱ्यातही गोल काढायचं, त्यात बांध, कुदळ आणि घमेलं, आणि कडेनं पाच नावं. मावशीला विचारलं तर ती नको म्हणाली. "आमची नावं हजेरीत हायेत तेवढी पुरं. हितं घातली तर बाकीच्या बाया काय निस्त्या बघत हुत्या व्हय? दगड त्यांनीच वर दिलेत."

ओव्हरसियरला इंग्रजी येत होतं. तो मासिक चाळत होता, तो एकदम थांबला. पहिल्यांदा चंद्रावर उतरले त्यांच्या चिन्हात, चंद्रावर उतरणारा तो पक्षी आहे ना, त्यात नावंच नाहीत. या मोहिमेला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांचं ते चिन्ह असावं, म्हणून त्यांनी आपली नावं मुद्दाम घातली नव्हती. त्यानं ते मराठीत वाचून दाखवलं. मावशी एवढंच म्हणाली, शानी मानसं हायेत. आणि घमेलं उचलून कामाला लागली.

घरी मामंजी तापले. उघड्या गळ्याचा फोटो या दुकानातून जायचा नाही, लोक म्हणतील यांचा सोनेरी रंग संपला. मी त्यांना उलट कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, मामंजी, आपण रंग लावू तेवढंच त्यांच्या पोटाला कमी पडेल. फोटोचा मोठा कागद हाताशी एकच उरला होता, तो त्यांनीच कपाटातून काढून दिला. मी लुगड्यांना त्यांचा विटका रंग दिला, दगडांना दगडाचा. गाल भरले नाहीत. डोळ्यांत मात्र उजेडाचा एकेक ठिपका ठेवला, तो फोटोत होताच, मी फक्त राखला. कोपऱ्यात गोल काढलं, त्यात बांध, कुदळ आणि घमेलं, नाव एकही नाही.

साहेब आले त्या दिवशी मी चावडीच्या दाराशी उभी होते. त्यांनी पोस्टर बराच वेळ पाहिलं. टोळीची प्रमुख कोण, म्हणून मधल्या बाईकडं बोट केलं. मावशी म्हणाली, "न्हाई सायेब, ती कडंची. मी." मग ते एकेकीचे चेहरे फोटोतल्या चेहऱ्यांशी ताडून बघायला लागले, आणि पाचही जुळले. भरलेले गाल असते तर जुळले असते का, सांग बरं. त्यांनी ओव्हरसियरला सांगितलं की हा तलाव संपला की ही टोळी आहे तशी पुढच्या कामावर घ्या, फोडू नका. पाऊस पडेपर्यंत त्या पाची जणी हजेरीवर राहिल्या.

बाहेर आल्यावर मुकादम भेटेल त्याला सांगत होता की रेडिओवर मी होतो.

त्यानंतर मामंजींनी सोन्याचा नियम काढून टाकला. बाई पुढं बसली की ते आतून सांगायचे, सूनबाई, हिला काय हवं ते आधी विचार. आणि मी पुढच्या खोलीत बसायला लागले ते दुकान बंद होईपर्यंत. फोटोचं बटण नेहमी तुझ्या आजोबांनी दाबलं, पण कोण कुठं बसणार हे मीच सांगायची. ते ऐकायचेही.

तर तुझ्या त्या अभ्यासात जे जे विचारायचं असेल ते माझ्याकडं घेऊन ये. परीक्षा संपू दे, सुट्टी लागू दे, असलं काही सांगू नकोस. पुण्याहून नगर किती लांब आहे? येत्या रविवारीच ये, दुपारच्या आत, म्हणजे जेवण गरम मिळेल. सावेडीच्या चौकात उतरलीस की फोन कर, मी गेटापाशी येऊन उभी राहते.